कोळसा होण्याआधी

१९९७ च्या उन्हाळ्यात माझे मामू रियाधहून दोन वर्षांनी सुट्टीवर आले. मी तेव्हा चौथीत होते. मामूंच्या पेटीत नेहमीच्याच वस्तू होत्या : खजूर, अत्तराच्या कुप्या, जानमाज आणि नानीसाठी जाड ब्लँकेट. या वेळी मात्र एक छोटी कापडी पिशवीही होती. तिच्यात भाजलेले कॉफीचे दाणे होते. ते काळे नव्हते, तपकिरीही नव्हते. भिजवून वाळवलेल्या हरभऱ्यासारखे फिकट पिवळसर होते. नानीने दोन दाणे दाताखाली धरले आणि निकाल दिला, ''ही तर कच्चीच राहिली!'' मग तिने चूल पेटवली, तवा ठेवला आणि सगळे दाणे काळे कुळकुळीत होईपर्यंत परतले. घरभर धूर झाला. त्या दाण्यांची कॉफी इतकी कडू झाली की साखरेनेही तिचे काही भले होईना. उरलेली पूड विहिरीजवळच्या अळवाला गेली.

मामू बाजारातून परत आले आणि तव्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ''तिकडे पाहुण्याला हीच देतात. काळी केली की तिचा जीव जातो.''

पुढे मी बी.एड. झाले आणि उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवू लागले. मामूंचे ते वाक्य मी विसरूनही गेले होते. काही वर्षांपूर्वी मध्ययुगीन व्यापाराचा पाठ घेताना मोखा बंदराचे नाव आले. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ''मॅडम, मोका म्हणजे चॉकलेटची कॉफी ना?'' वर्ग हसला. तिचे काहीच चुकले नव्हते. येमेनच्या किनाऱ्यावरच्या एका शहराचे नाव आज जगभर चॉकलेट घातलेल्या पेयाचे नाव म्हणून चालते. शहर गेले, नाव उरले आणि त्या नावाचा अर्थही बदलला. हे कसे घडले याचा शोध घेताना मी पुन्हा नानीच्या तव्यापाशी येऊन पोहोचले. कॉफी किती भाजावी, हा प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो. पण त्याला निदान साडेचारशे वर्षांचा इतिहास आहे, आणि एके काळी तो हलाल-हरामचा प्रश्न होता.

फतव्यातली भाजणी

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाच्या नैर्ऋत्येकडील डोंगराळ जंगलातले. तिचे पेय म्हणून सेवन कसे सुरू झाले, याची भरवशाची माहिती मात्र येमेनपासून मिळते. अब्दुल कादिर अल-जझिरी या लेखकाने सोळाव्या शतकाच्या मध्यास कॉफीच्या समर्थनार्थ एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने आपल्या आधीच्या लोकांच्या साक्षी नोंदवल्या आहेत. त्यानुसार पंधराव्या शतकात एडनचे सूफी विद्वान मुहम्मद अल-धबहानी यांनी हे पेय आपल्या वर्तुळात रूढ केले. रात्रीच्या जिक्रमध्ये झोप येऊ नये म्हणून सूफी मंडळी कॉफी घेत. लाल मातीच्या मोठ्या भांड्यातून त्यांचा प्रमुख छोट्या पात्राने ती काढी आणि उजवीकडून एकेकाला देई. धबहानी १४७० च्या सुमारास वारले. म्हणजे आपण ज्या पेयाबद्दल बोलत आहोत, त्याचा लिखित इतिहास सुमारे साडेपाचशे वर्षांचा आहे.

त्या काळी कॉफी दोन प्रकारे होई. एक नुसत्या वाळलेल्या सालीची, जिला किशर म्हणतात आणि जी येमेनमध्ये आजही पितात. दुसरी आतल्या दाण्याची. अरबीत दाण्याला 'बुन' म्हणतात. मराठीच्या जुन्या शब्दकोशांत कॉफीच्या दाण्यासाठी 'बुंद' हा शब्द सापडतो, तो या 'बुन'चाच भाऊ. सालीला फार भाजावे लागत नाही. दाण्याला मात्र भाजणीशिवाय चव येत नाही. इथूनच वादाला तोंड फुटले.

पहिला मोठा वाद १५११ साली मक्केत झाला. तिथला मुहतसिब खैर बेग याने रात्री मशिदीजवळ कॉफी पिणारा घोळका पाहिला. दुसऱ्या दिवशी त्याने उलेमांची सभा बोलावली, दोन हकिमांची साक्ष घेतली आणि कॉफीवर बंदी घातली. कॉफी रस्त्यावर जाळण्यात आली. कैरोहून ममलूक सुलतानाचा हुकूम आला, तेव्हा त्यात कॉफीच्या नावाखाली भरणाऱ्या मजलिशींना मनाई होती, खुद्द पेयाला नव्हती. बंदी ढिली पडली आणि पुढच्याच वर्षी खैर बेगचे पदही गेले.

दुसरा वाद इस्तंबूलमधला. तो माझ्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. इतिहासकार इब्राहिम पेचेवी लिहितो की, हिजरी ९६२, म्हणजे इ. स. १५५४-५५ पर्यंत इस्तंबूलमध्ये कॉफीखाने नव्हते. मग हलबचा हकम आणि दमास्कसचा शम्स असे दोघे आले आणि त्यांनी दुकाने उघडली. तिथे वाचणारे आले, बुद्धिबळ खेळणारे आले, कवी आले, नोकरीच्या शोधातले अधिकारीही आले. मशिदी ओस पडल्या आणि कॉफीखाने भरले, अशी तक्रार सुरू झाली. विरोधकांनी धर्मशास्त्रातून जो मुद्दा काढला तो विचार करण्याजोगा आहे. कोळसा हे अन्न नव्हे. जी वस्तू कोळशाच्या अवस्थेला पोहोचते, ती खाणे-पिणे हराम. कॉफीचा दाणा जाळून कोळसा केलेला असतो, म्हणून कॉफी हराम!

हा युक्तिवाद ऐकून आज हसू येईल. पण तो बारकाईने पाहिला पाहिजे. वादाचा सगळा भार एका कारागिरीच्या प्रश्नावर आला होता : दाणा खरोखर कोळसा होतो का? पेचेवीच सांगतो की, पुढे कॉफी इतकी सर्वत्र झाली की बंदीत अर्थ राहिला नाही, आणि मग तेच वाइज आणि मुफ्ती म्हणू लागले की दाणा काही पूर्ण कोळसा होत नाही, तेव्हा ती पिण्यास हरकत नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेखुल इस्लाम बोस्तानजादे मेहमेद यांनी तर कॉफीच्या बाजूने पद्यात फतवा दिला. सुलतान चौथा मुराद याने १६३३ साली कॉफीखाने बंद केले. पण त्याचे खरे कारण धर्माचे कमी आणि राज्याचे जास्त होते. जिथे लोक एकत्र बसून बोलतात, ती जागा सत्तेला नेहमीच खुपते.

या प्रकरणातून आपण काय घ्यावे? फतवे बदलतात, आणि ते बदलण्यामागे अनेकदा लोकांचा व्यवहार असतो, हे एक. दुसरे असे की, कोळसा होण्याआधी थांबावे, ही मर्यादा तेव्हाच्या माणसांनी आखली होती. तिचा हेतू वेगळा होता, पण कॉफीच्या कारागिरीतही हीच मर्यादा सर्वांत महत्त्वाची ठरली.

किस्से आणि कागदपत्रे

कॉफी आणि मुसलमान हा विषय निघाला की आपल्या सभासंमेलनांत लगेच दोन गोष्टी सांगितल्या जातात. एक कालदी नावाच्या धनगराची. त्याच्या शेळ्या लाल फळे खाऊन नाचू लागल्या. शेळ्यांची ही गोष्ट १६७१ साली रोममध्ये छापलेल्या एका लॅटिन पुस्तकातून युरोपभर पसरली. त्याआधीच्या अरब लेखकांना ती ठाऊक असल्याचे दिसत नाही. मुलांना गोष्ट म्हणून ती जरूर सांगावी, इतिहास म्हणून सांगू नये.

दुसरी गोष्ट बाबा बुदन यांची. हजहून परतताना त्यांनी येमेनमधून सात दाणे लपवून आणले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात पेरले. ही घटना सतराव्या शतकातली मानली जाते. सात या आकड्याला कागदोपत्री आधार नाही. तरीही ही परंपरा मला निव्वळ दंतकथा वाटत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस मलबार किनाऱ्यावर कॉफीची झाडे होती, हे डच कागदपत्रांतून कळते. ती येमेनमधून आली असणार आणि मालाच्या व हाजींच्या जहाजांमुळे येमेनशी आपला नियमित संबंध होताच. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच दाभोळ घ्या. आदिलशाहीत दाभोळहून तांबड्या समुद्राकडे माल जाई आणि हाजीही जात. त्या जहाजांच्या वाटेवर मोखा होते. त्या डोंगरांना आज बाबाबुदनगिरी म्हणतात. तिथले स्थान हिंदू भाविक दत्तपीठ म्हणून आणि मुसलमान दर्गा म्हणून पिढ्यानपिढ्या मानत आले आहेत. गेली काही दशके त्यावरून वाद आणि कोर्टकचेऱ्या चालू आहेत. २०१९ साली तिथल्या कॉफीला 'बाबाबुदनगिरी अरेबिका' या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. निदान पिशवीवर तरी त्या फकिराचे नाव उरले आहे.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. लिनियस या शास्त्रज्ञाने १७५३ साली या झाडाला 'अरेबिका' असे नाव दिले. अरबांचे झाड म्हणून आपल्याला ते सुखावते. पण झाड इथिओपियाचे. म्हणजे नाव पुसले जाण्याची सुरुवात इथिओपियापासून झाली आणि तिचा फायदा अरबांना मिळाला. आपल्या वाट्याचा अन्याय मोजताना दुसऱ्यांच्या वाट्याचाही मोजावा.

नाव कसे हरवले

दोनेक शतके जगाची कॉफी येमेनमधून गेली आणि मोखा हे तिचे प्रमुख बंदर होते. डचांनी ही मक्तेदारी मोडली. १६९६ साली मलबारहून जावाला रोपे गेली, पण ती पुरात वाहून गेली. १६९९ साली दुसऱ्यांदा नेली, ती रुजली. जावाहून १७०६ मध्ये एक रोप अ‍ॅमस्टरडॅमला पोहोचले. तिथल्या झाडाचे एक रोप १७१४ साली फ्रान्सच्या राजाला भेट मिळाले. या वाटेने कॉफी अमेरिका खंडात गेली आणि तिथे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर तिचे मळे उभे राहिले. सूफींच्या रात्रीच्या जागरणातले हे पेय अडीचशे-तीनशे वर्षांत साखरेसारखेच वसाहतींचे पीक झाले. १८३९ साली इंग्रजांनी एडन घेतले आणि मोखाचे उरलेसुरले महत्त्वही गेले.

मग यंत्रे आली. तोवर कॉफी बहुधा घरीच भाजली जाई. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जाबेझ बर्न्स यांनी असे भट्टीयंत्र काढले, ज्यातून पिंप विस्तवावरून न हलवता दाणे बाहेर काढता येत. त्यानंतर कारखान्यात भाजलेली कॉफी पुड्यांत आणि डब्यांत भरून विकली जाऊ लागली. गिऱ्हाइकाला वर्षभर एकच चव हवी आणि कारखानदाराला स्वस्त माल हवा. दहा ठिकाणचे दाणे एकत्र केले की कोणाचीच चव वेगळी उरत नाही. गडद भाजले की उरलेसुरले दोषही लपतात. डब्यावर कंपनीचे नाव आले, शेताचे गेले.

आपल्याकडे हेच सरकारी वाटेने घडले. मुंबईत चर्चगेटला १९३६ साली पहिले इंडिया कॉफी हाऊस उघडले. १९४२ च्या कायद्यानंतर मळेवाल्यांना आपला माल कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात द्यावा लागे. बोर्ड त्याची प्रतवारी करून लिलाव करी. यामुळे लहान शेतकऱ्याला भावाचा आधार मिळाला, हे नाकारता येत नाही. पण कोणत्या डोंगरावरचा कोणता दाणा, ही ओळख त्या साठ्यात बुडाली. चांगले पिकवणारा आणि कसेबसे पिकवणारा एकाच ढिगात. १९९२ पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ पर्यंत मळेवाल्याला आपला माल स्वतः विकण्याची मुभा मिळाली. आज बंगळूर, पुणे, मुंबई, दिल्ली इथे मळ्याचे नाव छापून कॉफी विकणारे जे लहान भाजणीवाले दिसतात, ते या बदलानंतरच शक्य झाले.

दाण्यात काय घडते

कच्चा दाणा हिरवट असतो आणि त्यात दहा-बारा टक्के ओलावा असतो. भट्टीत तो आधी पिवळा होतो, मग दालचिनीच्या रंगाचा. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास आतल्या वाफेच्या दाबाने तो तडकतो. लाह्या फुटताना येतो तसा आवाज येतो. ही पहिली तडक. हलकी भाजणी करणारा यानंतर थोड्याच वेळात थांबतो. आणखी उष्णता दिली तर २२५ अंशांच्या आसपास दुसरी, बारीक तडतड ऐकू येते, तेल पृष्ठभागावर येते, दाणा काळा पडतो आणि त्यापुढे कोळसा.

पहिल्या तडकेजवळ थांबले तर दाण्यातली आम्ले आणि सुगंधी द्रव्ये बरीच टिकतात. फळाचा आंबटपणा, फुलाचा वास, मधासारखी गोडी जाणवते. तो दाणा कोणत्या उंचीवर पिकला, कोणत्या जातीचा, तोडल्यावर कसा वाळवला, हे चवीत उतरते. पुढे भाजत गेले की या खुणा जळतात आणि भाजणीची स्वतःची चव वर येते : करपलेली साखर, कडवटपणा, धूर. ही चवही वाईट नव्हे. दक्षिणेतली दूध घातलेली फिल्टर कॉफी अशाच गडद चवीवर उभी आहे. पण तिच्यात शेत ओळखता येत नाही.

मात्र हलकी भाजणी म्हणजे आपोआप चांगली कॉफी, असे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्याही कॉफी कमी भाजत, कारण जास्त भाजले की वजन घटते आणि नुकसान होते. दाणाच हलक्या प्रतीचा, त्यामुळे कॉफी पाणचट लागे. तिला कंटाळूनच १९६६ साली बर्कलीमध्ये अल्फ्रेड पीट यांनी चांगले दाणे गडद भाजून विकायला सुरुवात केली. हलकी भाजणी गुणवत्ता देत नाही, ती गुणवत्तेची परीक्षा घेते. सडका, अपक्व, बुरशी लागलेला दाणा तिच्यात लपत नाही. म्हणून जो हलके भाजतो, त्याला दाणा निवडून घ्यावा लागतो. निवडायचा तर शेतकऱ्यापर्यंत जावे लागते.

ऑस्लोमधली छोटी भट्टी

ही वाट पुन्हा मोकळी करणाऱ्यांत एका स्त्रीचे नाव पहिले घेतले जाते. एर्ना क्नुटसेन यांचा जन्म नॉर्वेचा. लहानपणीच त्या अमेरिकेला गेल्या आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत कॉफी आयात करणाऱ्या एका कंपनीत सेक्रेटरी झाल्या. कॉफीची चव पारखण्याच्या खोलीत तेव्हा बाईला प्रवेश नव्हता. त्या हट्टाने शिकल्या, आणि लहान भाजणीवाल्यांना थोड्या पोत्यांचा, पण निवडक माल विकू लागल्या. १९७४ साली व्यवसायाच्या एका नियतकालिकात त्यांनी 'स्पेशालिटी कॉफी' हा शब्द वापरला आणि तो रूढ झाला. विशिष्ट ठिकाणच्या माती-हवेत पिकलेली विशिष्ट चवीची कॉफी, असा त्याचा आशय. १९७५ मध्ये बोस्टनजवळ जॉर्ज हॉवेल यांनी दुकान काढले आणि गडद भाजणीची चलती असताना हलकी भाजणी लावून धरली. १९९४ साली त्यांची दुकाने स्टारबक्सने विकत घेतली. १९९९ मध्ये ब्राझीलमध्ये उत्कृष्ट कॉफीची स्पर्धा व लिलाव सुरू झाला, त्यामागच्या मंडळींत हॉवेल होते. चांगल्या दाण्याला बाजारभावाऐवजी त्याच्या चवीप्रमाणे भाव मिळू शकतो, हे त्या लिलावाने दाखवले.

हलक्या भाजणीचे माहेरघर म्हणून आज नॉर्डिक देशांचे नाव घेतात. २००४ सालचे जागतिक बरिस्ता स्पर्धेचे विजेते टिम वेंडेलबो यांनी २००७ मध्ये ऑस्लोच्या ग्रुनेरलोक्का वस्तीत एक लहान जागा घेतली. पुढे कॉफी पिण्याची चारदोन आसने आणि तिथेच भट्टी. भाजणी हलकीच. पिशवीवर शेतकऱ्याचे नाव, गाव, झाडाची जात. होंडुरास, कोलंबिया, केनिया, इथिओपिया इथले दाणे, आणि शक्यतो वर्षानुवर्षे त्याच शेतकऱ्यांकडून. पुढे त्यांनी कोलंबियात थोडी जमीन घेऊन स्वतः कॉफी लावली, कारण मातीत काय घडते हे भट्टीजवळ बसून कळत नाही. हजारो दुकाने उघडण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. तरी जगभरचे भाजणीवाले तिथे शिकायला जातात. दुकान लहान असल्याने नाव लहान होत नाही, हे यातून दिसते.

हे सगळे वाचताना मला मामूंची पिशवी आठवली. सौदी अरेबियाच्या नज्द भागात कहवा पिढ्यानपिढ्या फिकट सोनेरी करतात. दाणा जेमतेम पिवळा होईपर्यंत भाजायचा, वेलची घालायची, दल्ल्यातून छोट्या फिंजानमध्ये ओतायचा. २०१५ साली अरबी कॉफीची ही आदरातिथ्याची रीत सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, ओमान आणि कतार यांच्या नावे युनेस्कोच्या वारसायादीत गेली. म्हणून 'ऑस्लोवाले आपलीच नक्कल करतात' असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. या दोन वाटा वेगवेगळ्या आहेत. नज्दच्या कहव्यात वेलचीचे राज्य, ऑस्लोत दाण्याचे. सारखेपणा एवढाच की दोघेही कोळशाच्या बरेच अलीकडे थांबले.

मोखाला परतताना

खुद्द येमेनचे काय झाले? तिथे कॉफीची जागा कातने घेतली. जुनी झाडे राहिली, पण साठवण आणि वाळवणीच्या हेळसांडीमुळे भाव मिळेना. सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेला मुख्तार अल-खंशाली हा येमेनी वंशाचा तरुण एका मोठ्या इमारतीत दरवाजावर नोकरी करीत होता. आपल्या पूर्वजांचा कॉफीशी संबंध कळल्यावर त्याने चव पारखण्याचे रीतसर शिक्षण घेतले आणि तो येमेनच्या डोंगरांत गेला. फक्त पिकलेली लाल फळे तोडावीत, ती उंच मांडवांवर वाळवावीत, यासाठी शेतकऱ्यांना जादा भाव दिला. २०१५ च्या मार्चमध्ये तो येमेनमध्ये असतानाच बॉम्बवर्षाव सुरू झाला, विमानतळ बंद पडले. तेव्हा कॉफीचे नमुने घेऊन तो मोखाला पोहोचला आणि लहान होडीतून समुद्र ओलांडून जिबूतीला गेला. तिथून सिएटलच्या कॉफी प्रदर्शनात. ज्या बंदरातून एके काळी जगाची कॉफी जाई, तिथून त्या वेळी एवढीच गेली. २०१६ साली त्याची कॉफी अमेरिकेत सोळा डॉलरला एक पेला अशी विकली गेली. २०१८ मध्ये डेव्ह एगर्स यांनी त्याच्यावर पुस्तक लिहिले.

सोळा डॉलरचा आकडा मी वर्गात सांगितला तेव्हा तीच मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, ''मॅडम, त्यातले झाड लावणाऱ्याला किती?'' या एका प्रश्नावर या सगळ्या चळवळीची परीक्षा घ्यावी. पिशवीवर शेतकऱ्याचे नाव छापणे म्हणजे त्याला न्याय देणे नव्हे. नाव हीदेखील विकण्याची वस्तू होऊ शकते. इथिओपियाने हरार, सिदामो आणि यिर्गाचेफे ही आपल्याच प्रदेशांची नावे अमेरिकेत नोंदवू पाहिली, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने विरोध केला. २००७ साली स्टारबक्सशी समझोता झाला. आपल्या गावाचे नाव आपल्याच मालकीचे आहे हे सिद्ध करायला एका देशाला एवढे झगडावे लागले. आणि फळे तोडणाऱ्या मजुरांची नावे तर सर्वांत महाग पिशवीवरही सहसा नसतात.

मामू २०१४ साली कायमचे परत आले. पंचवीस वर्षे त्यांनी एका घरी गाडी चालवली आणि मजलिस भरली की फिंजान भरले. कोणाला पहिला द्यायचा, कितपत भरायचा, पाहुण्याने फिंजान हलवला की थांबायचे, हे सगळे त्यांना येई. तिथल्या पाहुण्यांना त्यांचे नाव ठाऊक नव्हते. ते त्यांना 'हिंदी' म्हणत. शेवटच्या चार महिन्यांचा पगारही राहिला तो राहिलाच. युनेस्कोच्या यादीत कहवा गेला, ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ''चांगले झाले.'' थोड्या वेळाने विचारले, ''ओतणाऱ्यांचे काही लिहिले आहे का?''

गेल्या वर्षी पुण्याला प्रशिक्षणासाठी गेले होते. तिथल्या एका लहान भाजणीवाल्याकडून बाबाबुदनगिरीच्या दाण्यांची हलक्या भाजणीची पिशवी घेतली. किंमत माझ्या खिशाला जडच होती. ईदच्या दुसऱ्या दिवशी ती मामूंकडे नेली. नानी आता नाही. तवाही कोणी पेटवला नाही. मामूंनी दाणे तळहातावर घेऊन रंग पाहिला. ''आपल्याकडच्यापेक्षा थोडी जास्त भाजलीय,'' म्हणाले. त्यांच्या 'आपल्याकडे' मध्ये कोकण नव्हते, रियाध होते. मग त्यांनी स्वतः कॉफी केली, घरातल्या सगळ्यांत लहान मुलीच्या हाती पहिला कप दिला आणि तिला विचारले, ''नाव काय तुझे?'' ती त्यांचीच नात. नाव त्यांना पाठ होते. तरी तिने सांगेपर्यंत ते थांबले आणि मगच दुसरा कप भरला.